बारा वर्षं वापरायची सेडान: डिझायर, अमेझ, की सेकंडहँड सिटी?

कृष्णाकोयना

नमस्कार मंडळी. कराडला राहते, कॉलेजात शिकवते. घरात मी, नवरा, शाळकरी मुलगी आणि आई. सध्याची हॅचबॅक पंधरा वर्षांची होत आली. फेरपासिंग करून आणखी पाच वर्षं काढता येतील, पण खालचा पत्रा गंजायला लागलाय, एसीचं काम दरवर्षी निघतं, आणि हायवेला शेजारून ट्रक गेला की गाडी हलते.

आमचं रनिंग वर्षाला साधारण बारा हजार किलोमीटर. त्यातलं निम्मं गावात, उरलेलं कराड-पुणे, आणि आईचं माहेर चिपळूण असल्यामुळे पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाट. बजेट ऑन रोड अकरा ते बारा लाख, त्यातले आठेक लाख कर्ज. गाडी घेतली की किमान बारा वर्षं वापरायची. दर पाच वर्षांनी बदलणं आम्हाला जमणारही नाही आणि पटतही नाही.

एसयूव्ही नको हे घरात ठरलंय. हायवेला सेडान जमिनीला धरून चालते, बंद डिकीत चौघांचं सामान राहतं, आणि त्याच पैशात जास्त गाडी मिळते असं आमचं मत. यादीत मारुतीची नवी डिझायर, होंडाची नवी अमेझ आणि तीन-चार वर्षं वापरलेली होंडा सिटी आहे. मॅन्युअल की ऑटोमॅटिक, पेट्रोल की सीएनजी, यावर घरात रोज चर्चा होते. ज्यांनी एकच गाडी दहा-बारा वर्षं सांभाळली आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

मीरा_डोंबिवली

सीएनजी घ्या, दुसरा विचार करू नका. आमची आधीची डिझायर सीएनजी होती, एक लाख तीस हजार किलोमीटर केले, इंजिन उघडायची वेळ आली नाही. नव्या डिझायरचा सीएनजीचा सरकारी आकडा किलोला ३३.७३ किमी आहे. रस्त्यावर २५-२६ मिळाले तरी पेट्रोलपेक्षा खूपच परवडतं.

कृष्णाकोयना

मीराताई, धन्यवाद. पण सीएनजीत डिकी जाते ना? चिपळूणहून येताना तांदूळ, नारळ, आंबे, सगळं भरून येतं. शिवाय आमच्या बाजूला पंपावर रांगा असतात.

हिशोबी

ताई, भावनेने ठरवण्याआधी कागद घ्या. तुमच्याच आकड्यांवर मांडतो. पेट्रोल १०४ रुपये, सीएनजी ९० रुपये धरलं.

वर्षाला १२,००० किमी. पेट्रोल डिझायरचं खरं अॅव्हरेज १७ धरलं, तर ७०६ लिटर, म्हणजे सुमारे ७३,४०० रुपये. सीएनजीला किलोला २६ किमी धरलं, तर ४६२ किलो, म्हणजे साडेएकेचाळीस हजार. वर्षाला ३२,००० वाचले. सीएनजी मॉडेलसाठी वरचे नव्वद-पंचाण्णव हजार मोजावे लागतात, ते तीन वर्षांत निघतात. त्यानंतर फायदा आहे, हे खरं. पण गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी), डिकीची जागा आणि रांगेतला वेळ हेही जमेला धरा. वर्षाला वीस हजारांवर रनिंग असतं तर मी डोळे झाकून सीएनजी म्हटलं असतं. बारा हजारांत निर्णय दोन्हीकडे जाऊ शकतो, आणि तुमच्या घाटाचा विचार केला तर पेट्रोलकडे झुकतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. अमुक गाडी १७ देते, तमुक १५ देते, यावर लोक तासन् तास वाद घालतात. तुमच्या रनिंगला १७ आणि १५ यातला फरक वर्षाला ९४ लिटर. रुपयांत ९,८००. महिन्याला आठशे रुपये. बारा वर्षांचे एक लाख सतरा-अठरा हजार.

आणि कर्ज बघा. आठ लाख, नऊ टक्के. सात वर्षांचा हप्ता सुमारे १२,८७०, एकूण व्याज दोन लाख ऐंशी हजार. चार वर्षांचा हप्ता सुमारे १९,९००, व्याज एक लाख छप्पन हजार. फरक सव्वा लाख. म्हणजे कर्ज तीन वर्षं लवकर फेडलंत, तर अॅव्हरेजमधला बारा वर्षांचा सगळा फरक भरून निघतो. शोरूममध्ये हप्ता कमी दिसावा म्हणून सात वर्षं सुचवतात. तिथे ठाम राहा.

चाकणकर

मी चाकणला वाहन उद्योगातच आहे, म्हणून थोडं वेगळं मत. बारा वर्षं वापरायची तर बांधणीही बघा. स्कोडाची स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनची व्हर्टस दोन्ही चाकणला बनतात, दोन्हींना २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत पाच तारे मिळाले, मोठ्यांसाठीही आणि मुलांसाठीही. १७९ मिमी ग्राउंड क्लिअरन्स, ५२१ लिटरची डिकी. एक लिटरचं टर्बो इंजिन ११५ पीएस आणि १७८ एनएम टॉर्क देतं. कुंभार्लीत ही गाडी आणि डिझायर यांची बरोबरीच नाही. एकदा चालवून बघा, मग बोलू.

कृष्णाकोयना

चाकणकर, गाडी आवडतेच. पण बेस मॉडेलसुद्धा ऑन रोड बाराच्या आसपास जातं. चार मीटरच्या वरच्या गाडीला जीएसटी जास्त आहे ना?

हिशोबी

हो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांना १८ टक्के, त्याच्या वरच्यांना ४० टक्के. आधी छोट्यांना सेस धरून २९ आणि या मधल्या गटाला ४५ होता. दोन्हींचा कर कमी झाला, पण छोट्यांचा जास्त झाला. डिझायर-अमेझच्या आणि सिटी-स्लाव्हियाच्या किमतीत एवढी दरी आहे ती बरीचशी या करामुळे. या छोट्या डिकीच्या सेडान जन्मालाच करामुळे आल्या. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांची एक्साइज कमी झाली, मग टाटाची इंडिगो सीएस आली, २०१२ मध्ये डिझायरचीही शेपटी कापून तिला चार मीटरच्या आत बसवलं.

वर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आणि दहा ते वीस लाखांना १२ टक्के. दहाच्या जरा वर गेलात की तिथेही फरक पडतो.

पाना१४

कोल्हापूरला उद्यमनगरात गॅरेज आहे, वडिलांपासून. रोज बोनेट उघडतो म्हणून लिहितो, कुठल्या कंपनीशी माझं देणंघेणं नाही.

ताई, बारा वर्षांसाठी गाडी घेताना एकच प्रश्न आधी विचारा: आठव्या वर्षी ही गाडी कोण दुरुस्त करणार? पहिली चार-पाच वर्षं सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. वॉरंटी असते, सर्व्हिस सेंटरवाले चहा देतात. खरी परीक्षा वॉरंटी संपल्यावर सुरू होते. लोअर आर्मचे बुश जातात, लिंक रॉड वाजायला लागतो, क्लच प्लेट संपते, एसीची कूलिंग कॉइल लीक होते, रेडिएटरचा पंखा बंद पडतो. यातलं काहीही गाडीचं दुखणं नव्हे, वयाचं आहे. प्रश्न एवढाच, की तो पार्ट पाटणला किंवा चिपळूणला संध्याकाळपर्यंत मिळतो, की पुण्याहून मागवून गाडी चार दिवस उभी राहते. आणि तो बुश सुटा मिळतो, की अख्खा आर्मच घ्यावा लागतो.

आता इंजिनांबद्दल. नव्या डिझायरमध्ये तीन सिलिंडरचं १.२ आहे, ८२ पीएस. जुनं चार सिलिंडरचं ९० पीएस होतं. उभ्या गाडीत, एसी चालू असताना स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवते, ती तीन सिलिंडरची आहे, बिघाड नव्हे. अमेझला चार सिलिंडरचं १.२, ९० पीएस, बऱ्याच वर्षांपासून चालत आलेलं इंजिन. गुळगुळीत चालतं, पण खाली जोर कमी, वर फिरवावं लागतं. दोन्हींना टायमिंग चेन आहे, टर्बो नाही. लांब वापराला मला अशीच इंजिनं आवडतात: साधी, टर्बो नसलेली.

चाकणकर साहेब, तुमची गाडी उत्तम आहे, चालवायला तर या यादीत तीच पहिली. पण तिला चेनऐवजी टायमिंग बेल्ट आहे, जो कधीतरी बदलावा लागतो, टर्बो आहे, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणारे इंजेक्टर आहेत. ऑइल वेळेवर आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच पाहिजे. जो मालक हे सगळं मनापासून करतो त्याच्याकडे ती टिकते. तिसऱ्या वर्षापासून सर्व्हिस पुढे ढकलणाऱ्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये.

चाकणकर

पाना१४, बेल्टबद्दल लोकांच्या मनात जरा जास्तच भीती आहे. हल्लीचे बेल्ट जुन्यांसारखे साठ हजार किलोमीटरला बदलावे लागत नाहीत. बाकी ऑइलबद्दल पूर्ण सहमत. आणि टक्कर झाली तर गाडीचा सांगाडा किती धरून राहतो, हा मुद्दा मी सोडणार नाही.

पाना१४

सोडूच नका. त्यात नवी डिझायरही आता मागे नाही. २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळाले. सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलला. अमेझलाही सहा आहेत. मागे बसणाऱ्यांनी बेल्ट लावला नाही तर या सगळ्याचा उपयोग निम्मा, हे मात्र घरात सगळ्यांना सांगा.

वाशिष्ठी

चिपळूणची आहे, म्हणून सेकंडहँड सिटीबद्दल पोटतिडकीने लिहिते.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या गाड्या पाण्याखाली होत्या. काही छपरापर्यंत. नंतर क्लेम झाले, गाड्या टो होऊन गेल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून पुन्हा बाजारात आल्या असणार. २०१९ च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरकडेही तेच. माझ्या मामेभावाने बाहेरगावच्या एका डीलरकडून अशीच एक गाडी घेतली. दिसायला आरसा. सहा महिन्यांनी एकेक करून सगळं इलेक्ट्रिकल बंद पडत गेलं: आधी पॉवर विंडो, मग मीटर, मग एअरबॅगचा दिवा. वायरिंगच्या सॉकेटमध्ये चिखल वाळून बसला होता.

म्हणून या भागात जुनी गाडी घेताना हे बघाच. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रीळमध्ये जो भाग कायम गुंडाळलेला असतो, तिथे चिखलाची रेघ राहते. बाहेरचा भाग धुतात, तो धुवायला कुणी जात नाही. सीट पूर्ण मागे सरकवून रुळावरचे बोल्ट बघा, गंज असेल तर शंका घ्या. स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात हात फिरवा, बारीक माती लागते का. आणि काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा. कुबट वासावर सुगंधी कुपी फार वेळ टिकत नाही.

पाना१४

वाशिष्ठी ताईंनी लाख मोलाचं लिहिलंय. भर घालतो. डॅशबोर्डखाली फ्यूज बॉक्स असतो, त्याचं झाकण काढून पितळी टोकं हिरवी पडली आहेत का बघा. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ बघा. इन्शुरन्सची क्लेम हिस्टरी मागा, एम-परिवहन अॅपवर कर्जाचा बोजा आहे का ते पाहा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी नावावर होईपर्यंत मागे लागा.

बाकी सिटी म्हणाल तर १.५ चं ते इंजिन मला या बजेटमध्ये सगळ्यात आवडतं. १२१ पीएस, टर्बो नाही, चेन आहे. ५०६ लिटर डिकी. २०२० नंतरचं मॉडेल, एकाच मालकाची, कंपनीत सर्व्हिस झालेली आणि ओळखीतली मिळाली तर नव्या छोट्या सेडानपेक्षा ती जास्त गाडी आहे. "ओळखीतली" हा शब्द मात्र गाळू नका. टायर, बॅटरी, चाळीस हजार किलोमीटरला करायचं टॅपेट सेटिंग (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट जुळवणं) आणि सीव्हीटी, म्हणजे गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक, असेल तर तिचं ऑइल, यासाठी वेगळे पन्नासेक हजार बाजूला ठेवा.

जर्सीकर

न्यू जर्सीहून. इथे वीस-वीस वर्षांच्या टोयोटा कॅमरी आणि कोरोला रोज कामावर जाताना दिसतात, दोन लाख मैल म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटर ओलांडलेल्या. आमच्या घरचीही त्यातलीच एक. विशेष काही केलं नाही: इंजिन ऑइल वेळेवर, गिअरबॉक्सचं ऑइल आणि कूलंट पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. "लाइफटाइम फ्लुइड" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, एवढंच माझं सांगणं. भारतात कोरोला २०२० मध्ये बंद झाली याचं अजून वाईट वाटतं.

मीरा_डोंबिवली

टोयोटाची इटिऑसही त्याच वर्षी गेली. आमच्या सोसायटीत एक डिझेल इटिऑस अजून टॅक्सीला चालते, ड्रायव्हरकाका तिला विकायला तयार नाहीत.

आता नव्यात डिझेल सेडान या किमतीत राहिलीच नाही ना?

पाना१४

नाही. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस६ नियम आल्यावर डिझेल सोडलं, होंडाने २०२३ मध्ये. ज्या १.३ मल्टिजेटने डिझायरपासून इंडिगो मान्झापर्यंत सगळ्यांना तारलं, ते इंजिनही त्यात गेलं. फियाटचं ते इंजिन आपल्या रांजणगावातही बनत होतं. ताईंना बारा हजार रनिंगला डिझेलची गरजही नाही. बीएस६ डिझेलला सायलेन्सरमध्ये काजळी जाळणारा फिल्टर असतो, निम्मं रनिंग गावातलं असेल तर तो भरत जातो.

कृष्णाकोयना

किती मनापासून लिहिताय सगळे. दोन प्रश्न. नवऱ्याला ऑटोमॅटिक हवी आहे. डिझायरमध्ये एएमटी आहे, अमेझमध्ये सीव्हीटी. घाटात आणि बारा वर्षांच्या हिशोबात कोणती बरी? आणि ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय करायचं?

पाना१४

एएमटी म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर मोटर टाकते. क्लच प्लेट असतेच आणि ती संपतेही. चढावर ट्रकच्या मागे अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवण्याची सवय असेल तर लवकर संपते, कारण तो हाफ क्लचच असतो. ब्रेकवर थांबायचं, मग निघायचं. दुरुस्ती स्वस्त, बहुतेक ठिकाणी होते. गिअर बदलताना मान हलते ती हलतेच, मॅन्युअल मोडवर टाकून घाट चढलात तर त्रास कमी.

सीव्हीटी चालवायला लोण्यासारखी. जोरात दाबली की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून येते, पण चौघांना घेऊन शांतपणे चढायचं तर उत्तम. तिचं ऑइल वेळेवर, तेही तिच्यासाठीचंच, बदललं तर लांब जाते. पण आत काही बिघडलंच तर गावातल्या मिस्त्रीचं काम नाही, आणि खर्च मोठा. कुंभार्ली उतरताना नुसता ब्रेक दाबत उतरू नका, खालच्या मोडवर टाका. ब्रेक तापून पॅडल मऊ लागायला लागला तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं.

माझ्या मते बारा वर्षांत सगळ्यात कमी कटकट मॅन्युअलची. क्लच सेट एकदा, फार तर दोनदा. रोज मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये असता तर वेगळं सांगितलं असतं.

हिशोबी

ई२० बद्दल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. आधीच दहा टक्के मिसळलेलं होतं, ते वीस झालं. म्हणजे वाढलेल्या दहा टक्क्यांमुळे ऊर्जा तीन-साडेतीन टक्के कमी. १८ देणारी गाडी साडेसतराच्या आत येते. कुणी म्हणत असेल की अॅव्हरेज निम्म्यावर आलं, तर त्या गाडीत दुसरं काहीतरी आहे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी पाइप, सील वगैरे ई२० साठीच बनवलेले आहेत, त्यामुळे नवी घेत असाल तर काळजी नको. त्याआधीची सिटी घेणार असाल तर मॅन्युअल आणि पेट्रोलच्या झाकणामागचं स्टिकर आधी बघा. आणि कुठलीही गाडी महिनोन् महिने टाकी भरून उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणात तर जास्तच.

फिजिओ_नाशिक

गाडीतलं कळत नाही, पण आई बरोबर आहेत म्हणून लिहिते. त्यांचे गुडघे कसे आहेत? सेडानची सीट खाली असते. ज्येष्ठांना आत बसताना फारसं वाटत नाही, बाहेर पडताना सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यांवर येतं. टेस्ट ड्राइव्हला त्यांना न्या, आणि शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर नको, बाहेर रस्त्याच्या कडेला उतरवून बघा. चार-पाच वेळा बसा-उठायला लावा. आधी सीटवर टेकून मग दोन्ही पाय एकत्र आत घेणं, आणि उतरताना दोन्ही पाय एकत्र बाहेर, ही पद्धत शिकवली तर पुष्कळ फरक पडतो. पुढच्या सीटला उंची कमी-जास्त करायची सोय असेल आणि ती सीट मागे पूर्ण सरकत असेल, तर पुढेच बसवा. काही गाड्यांत ही सोय फक्त ड्रायव्हरला असते, विचारून घ्या.

कृष्णाकोयना

फिजिओ ताई, हा विचार आमच्या डोक्यातच आला नव्हता. आईच्या गुडघ्यांना त्रास आहेच. नक्की करते.

कोल्हापुरी_वाट

सगळ्यांनी गाडी कोणती यावर लिहिलंय, मी सांभाळण्यावर लिहितो. माझी छोटी सेडान चौदा वर्षं झाली, अजून पुण्याला जाऊन येते. इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला बदलतो, जे आधी येईल ते. रनिंग कमी झालं म्हणून ऑइल दीड वर्ष चालवत नाही, कारण गावातल्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. कूलंटमध्ये नळाचं पाणी कधीच घातलं नाही. टायर नक्षी शिल्लक असली तरी सहाव्या वर्षी बदलतो. समृद्धीवर किंवा कुठल्याही काँक्रीटच्या रस्त्यावर जुना, कमी हवेचा टायर घेऊन शंभर-एकशेवीसने जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

पावसाळ्यानंतर गाडी रॅम्पवर घेऊन खालून धुऊन घेतो. कोकणात ये-जा असेल तर दाराच्या खालची पाणी जाण्याची भोकं काडीने मोकळी करा, पत्रा तिथूनच सडतो. आणि उंदीर! बोनेटखाली एकदा वायर कुरतडली की दिवसभर मिस्त्रीलाही सापडत नाही. गाडी धान्याच्या कोठीशेजारी लावू नका.

पहिली पाच वर्षं तरी झिरो डेप (क्लेममधून पार्टचा घसारा न कापणारा) इन्शुरन्स घ्या. पुढे हिशोब बघा.

चाकणकर

हे खरं. आणि सर्व्हिसची प्रत्येक पावती एका फायलीत ठेवा. एका सर्व्हिस सेंटरने माझ्या बिलात न बदललेला एसी फिल्टर लावला होता. तेव्हापासून मी जुने पार्ट परत मागतो. मागितले की देतात. न मागता कुणी देत नाही.

कृष्णाकोयना

कळवायला उशीर झाला, माफ करा. तिन्ही गाड्या पाहून आलो.

सिटी ओळखीत मिळाली नाही. एक डीलरकडे होती, चमकत होती. वाशिष्ठी ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी सीटबेल्ट ओढत गेले. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती, आडवी, सरळ. डीलर म्हणाला चहा सांडला असेल. आम्ही नमस्कार करून निघालो. ताई, तुमचे उपकार आहेत.

अमेझ आम्हा दोघांनाही चालवायला आवडली. १७२ मिमी क्लिअरन्समुळे आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावर घासली नाही, ४१६ लिटरची डिकीही मोठी. नवरा अजून तिच्याच बाजूने आहे. डिझायर मॅन्युअल घेऊन उंब्रजच्या पुढे पाटणच्या रस्त्याला गेलो, चौघं बसून, एसी लावून. चढाला तिसऱ्यावर ओढत नाही, दुसरा टाकावा लागतो. टाकला की तक्रार नाही. सिग्नलला ती बारीक थरथर जाणवली. आईला दोन्ही गाड्यांत रस्त्याच्या कडेला बसवून-उठवून पाहिलं. दोन्हींत पाय एकत्र घ्यायची युक्ती लागलीच, पण पुढची सीट पूर्ण मागे घेतली की ती एकटी उतरू शकली.

मग पाना१४ दादांचा प्रश्न घेऊन बसलो. कराडपासून चिपळूणपर्यंत वाटेत जी जी गॅरेज आहेत, तिथे थांबून विचारलं: या गाडीची क्लच प्लेट, लोअर आर्मचा बुश, रेडिएटरचा पंखा मिळेल का? डिझायरला सगळीकडे "आज मिळेल" किंवा "उद्या सकाळी". अमेझला दोन ठिकाणी "मागवावं लागेल". नवराही तिथे गप्प झाला.

डिझायर, पेट्रोल, मॅन्युअल, मधलं मॉडेल. बजेटमधून जे वाचलं त्यामुळे कर्ज सहा लाखांवर आलं, चार वर्षांचं घेतोय. सात वर्षांसाठी शोरूमचा आग्रह होताच.

हिशोबी

सहा लाखांना नऊ टक्क्यांनी चार वर्षांचा हप्ता १४,९०० च्या आसपास बसेल. उत्तम निर्णय. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडण्याचा दंड लेखी विचारून घ्या. इन्शुरन्स शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नसते, बाहेरचं कोटेशन हातात ठेवून बोला.

पाना१४

अभिनंदन ताई. आता डिलिव्हरीआधी गाडी बघायला जा, पासिंग व्हायच्या आधी. दिवसाउजेडी जा. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापून येतं, म्हणून ते आधीच विचारा. मागच्या वर्षी बनलेली असेल आणि चांगली सूट देत असतील तर तुम्हाला चालेल, कारण तुम्ही ती चौथ्या वर्षी विकणार नाही. फक्त तशी गाडी किती महिने उघड्यावर उभी होती ते बघा. बॅटरीवरची तारीख बघा. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष: ३५२५ म्हणजे २०२५ चा पस्तिसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. रंगाचा छटाफरक दारं उघडून कडांना बघा. इंजिन चालू करून एसी पूर्ण लावा आणि पंधरा मिनिटं सोडा, खाली पाण्याशिवाय दुसरं काही टपकायला नको.

टेफ्लॉन कोटिंगसाठी भरीला पाडतील, नको म्हणा. कोकणात जाता म्हणून खालून अँटी-रस्ट करून घ्या, पण ते करताना समोर उभे राहा, दारांची भोकं बुजवतात. बाहेरून एलईडी, हॉर्न लावताना मूळ वायर कापू देऊ नका, जोड कपलरनेच.

पहिले हजार किलोमीटर एकाच वेगाने हायवेला पळवू नका, गिअर आणि वेग बदलत चालवा. आणि पहिल्या सर्व्हिसआधी कधी कोल्हापूरला आलात तर गॅरेजला या, खालून एक नजर टाकून देतो.

वाशिष्ठी

चिपळूणला आलात की जुलै-ऑगस्टमध्ये गाडी खालच्या बाजारपेठेत रात्री लावू नका. नातेवाइकांकडे वरच्या बाजूला जागा आहे का विचारून ठेवा.

कृष्णाकोयना

हो वाशिष्ठी ताई, मामांचं घर वरच आहे. पाना१४ दादा, शनिवारी गाडी बघायला जातोय. टायरचा तो चार आकड्यांचा नंबर बाहेरच्या बाजूला दिसला नाही तर?

पाना१४

पूर्ण नंबर कधी कधी एकाच बाजूला असतो. आतल्या बाजूला असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागे मोबाइल धरा, फ्लॅश लावून फोटो काढा. मागच्या चाकांना खालून काढावा लागेल. फोटो इथे टाकलेत तरी चालेल, मी बघून सांगतो.